टिल्याच्या कागदातली एक ओळ

बाई,

तू गेलीस याची मी दोनदा खात्री करून घेतली. डॉक्टरांनी सांगून झालं होतं, शेजारच्या बायकांनी पदर डोळ्यांना लावले होते, तरी मी टसरचा एक धागा काढून तुझ्या नाकापुढं धरला. पहिल्यांदा धागा हलला. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात वर पंखा फिरताना दिसला. पंखा बंद करून पुन्हा धरला, तेव्हा हलला नाही. बायका एकमेकींकडं पाहायला लागल्या. तू असतीस तर म्हणाली असतीस, ‘मेल्यावर बी माह्यावर विश्वास नाई याचा.’

तुझा हा भाऊ संशयी आहे हे आख्ख्या अड्याळला माहीत आहे. आपण कोष्टी. बाबांचे माग एकेक करून बंद पडायला लागले तेव्हापासून मी बाजारात कापडाचं दुकान चालवतो, आणि माल आणणाऱ्यानं देवाची शपथ घेतली तरी त्याच्यादेखत धागा काढून जाळतो. खरं रेशीम जळताना केसासारखा वास येतो, खोट्याची गोळी होते. माणसाचा धागा जाळून पाहता येत नाही, म्हणून मी नुसता पाहत बसतो. माझं लग्नही त्यापायीच राहिलं. मुलीकडच्यांची मीच इतकी चौकशी केली की त्यांनीच नकार कळवला. तू मात्र भाऊजी वारल्यावर लहानग्या निलेशला घेऊन परत आलीस आणि घराच्या अर्ध्या भागात राहिलीस. मधे एक भिंत. चहा झाला की तू भिंतीवर दोन थापा मारायचीस. चहात साखर कमी घालून मला जास्त म्हणून सांगतेस असा मला वीस वर्षं संशय होता. तो खरा होता ना?

तर हा निलेश शिकला, हॉलंडला नोकरीला गेला, तिकडंच त्याला मुलगी झाली. मागच्या साली तो फोनवर म्हणाला, ‘आई, तीन महिने ये. नात तुले फोनमंधीच पाहून राहिली.’ तू हो म्हणालीस, आणि त्याच दमात म्हणालीस, ‘मी टिल्याले घेऊन येईन.’

टिल्या म्हणजे कपाळावर पांढरा टिळा असलेला आपला गावठी कुत्रा. बसस्टँडवर आंबट भज्यांच्या कागदात तोंड घालून बसलेला तू उचलून आणलास. त्याला जिल्ह्याचं ठिकाण दाखवायचं म्हटलं तरी तो गाडीत ओकायचा, आणि तो विमानात बसून समुद्र ओलांडणार. गाव हसलं. मी हसलो नाही. मी हिशोब मांडला, आणि तो हिशोब तुला कधी सांगितला नाही. तीन महिन्यांसाठी जाणारा माणूस कुत्रा नेत नाही. शेजारी ठेवतो, भावाकडं ठेवतो. जो कुत्रा नेतो, तो परत यायचा नसतो.

त्यात निलेशनं घराचा कागद मागितला. माझी तर खात्रीच पटली. म्हणजे तुला तिकडं ठेवून घ्यायचं आणि इकडं तुझा अर्धा भाग कोणाच्या तरी गळ्यात मारायचा. मी त्याला फोनवर सरळ विचारलं, ‘कायले पायजे कागद?’ तो म्हणाला, ‘मामा, व्हिसावाल्यायले दाखवा लागते. गावाले घर हाये, आई वापस जाईन, म्हनून.’ तू परत येणार याचा पुरावा म्हणून त्याला घर दाखवायचं होतं. मी कागद दिला, पण मनातून नाही दिला. झेरॉक्स काढताना दुकानदारानं एक जास्तीची काढली की काय, म्हणून त्याची टोपली पाहून आलो.

तुला मी विचारलं होतं एकदा. आठवतं? तू ओसरीवर लाखोळीची भाजी निवडत होतीस, टिल्या तुझ्या पायाशी होता. मी म्हटलं, ‘बाई, त्याले काऊन नेतं? माह्यापाशी ठेव ना. मी काय त्याले उपाशी मारीन?’

तू मान वर न करता म्हणालीस, ‘तुह्यापाशी? तुह्या दुकानातला बोरा अजून रिकामाच हाये ना?’

मी उठून दुकानात गेलो. त्या बोऱ्याचं, त्या रिकाम्या पोत्याचं, मी पुढं सांगतो. आधी कागदाचं सांगू दे, कारण कागदाचं जास्त जड आहे.

कुत्रा परदेशी न्यायचा तर काय काय लागतं हे निलेशनं सगळं मराठीत लिहून माझ्या फोनवर पाठवलं. तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन होऊनही तुला फोनवरची अक्षरं दिसत नव्हती, म्हणून वाचायचं काम माझ्याकडं. तू समोर बसलीस, टिल्याही कान उभे करून बसला, आणि मी वाचायला लागलो. कुत्र्याच्या मानेत चिप बसवायची, तांदळाच्या दाण्याएवढी. पिसाळीची लस द्यायची. लशीनंतर महिन्यानं रक्त काढायचं, ते तपासायला परदेशात जाईल. रक्त काढल्यापासून तीन महिने थांबायचं. मग विमान. पिंजरा असा पाहिजे की कुत्र्याला उभं राहता आलं पाहिजे, वळता आलं पाहिजे.

मधे एक ओळ होती. ‘आधी चिप, नंतरच लस. लस आधी दिलेली असेल तर ती धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून करावं लागतं.’

ती ओळ मी वाचली नाही, बाई.

चुकून सुटली असं मी सगळ्यांना सांगितलं. चुकून सुटली नाही. मी ती डोळ्यांनी वाचली, तोंडापर्यंत आणली आणि गिळली. ती गिळून पिंजऱ्यावर गेलो, आणि पिंजऱ्याचं जरा मोठ्यानंच वाचलं. तेव्हा मला फार काही करायचं नव्हतं. तुला थोडा उशीर व्हावा, तेवढ्यात तुझं मन फिरावं, एवढंच. चार-सहा महिने भिंतीवर थापा पडाव्यात. मला वाटलं, एका ओळीनं कोणाचं काय जातं.

पुढच्याच आठवड्यात जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना फुकट लस होती. तू टिल्याला घेऊन निघालीस. मी अडवायला हवं होतं. मी तुझ्यासोबत आलो आणि टिल्याचे मागचे पाय धरले. मेश्राम ड्रेसरनं सुई टोचली. त्याच्या आधी तो तुला बाजूला घेऊन काहीतरी बोलला, तेही मी पाहिलं, आणि तुम्ही माझ्याबद्दल बोलताय अशी शंका घेतली. सवयीप्रमाणं.

त्यानंतर आठ दिवसांनी आपण नागपूरला चिप बसवायला गेलो. त्या दिवशी तू किती हसलीस. डॉक्टरांनी मशीन टिल्याच्या मानेवर फिरवलं, ते वाजलं, आकडा दिसला. मी म्हटलं, हे मशीन कशावरही वाजत असेल, आधी माझ्या मानेवर फिरवा. डॉक्टर बिचारा तुझ्याकडं पाहायला लागला. तू म्हणालीस, ‘फिरवा जी डॉक्टर. नाई त त्याले झोप नाई येनार.’ त्यांनी फिरवलं. वाजलं नाही. तू एवढी हसलीस की टिल्या भुंकायला लागला. परतीच्या गाडीत तुझं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि टिल्याचं तुझ्या मांडीवर. तो त्या दिवशी ओकला नाही. मला तेव्हा सांगून टाकायचं होतं. भंडारा आलं, मी म्हटलं पुढं सांगू. अड्याळ आलं, तू पिशव्या उतरवायला लागलीस.

महिन्यानं रक्त गेलं, रिपोर्ट चांगला आला, तीन महिने आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारल्या. तू नातीसाठी टसरच्या तुकड्याचं झबलं शिवलंस. आणि तिकीट काढायच्या वेळी निलेशनं सगळे कागद एकापुढं एक ठेवून पाहिले. फोन आला. ‘मामा, लस पयलेची हाये अन् चिप मागून बसली. मी लिवलं होतं ना, आधी चिप?’

मी म्हटलं, ‘लिवलं असशीन बाबा. मले नाई दिसलं.’

तू शेजारीच उभी होतीस. फोन ठेवल्यावर तू माझ्याकडं पाहिलंस. ‘बिस्किटाच्या पुड्यावरची तारीख दोनदा वाचनारा मानूस तू,’ तू म्हणालीस, ‘अन् एक ओळ कशी काय नाई दिसली रे तुले?’

मी भांडणाची तयारी केली. माझ्याकडं उत्तरं तयार होती. चष्म्याचा नंबर वाढलाय, फोनची काच फुटलीय. पण तू आत गेलीस, आणि थोड्या वेळानं भिंतीवर दोन थापा पडल्या. त्या चहात साखर नेहमीपेक्षा जास्त होती. मी कप घेऊन त्यात काही घातलंय का, असा विचार करत बसलो. इतका मी कोता आहे.

मग पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा लस, पुन्हा महिना, पुन्हा रक्त, पुन्हा तीन महिन्यांच्या रेघा. यावेळी मी काहीच केलं नाही, देवाशपथ. सगळं वेळेवर केलं. रेघा भरत आल्या, अठ्ठावीस राहिल्या, आणि तू एका सकाळी चूल पेटवायला वाकलीस ती वाकलीसच. टिल्यानं भुंकून भुंकून मला आणलं. बाकीचं तुला काय सांगायचं.

निलेश पोचला तो राख सावडायला. पवनीला नदीवर तो पाण्यात उभा होता तेव्हा मी काठावर होतो, आणि माझ्या डोक्यात एकच होतं. हा पोरगा आईला जिवंत पाहू शकला असता. पहिल्या रेघा संपल्या तेव्हाच ती त्याच्याकडं पोचली असती, नातीला मांडीवर घेऊन बसली असती, आणि तीन महिने राहून कदाचित परतही आली असती. काही झालं असतं तरी तिकडं डॉक्टर लवकर आला असता. हे कोणी मला म्हटलं नाही. मीच मला म्हणतो, आणि माझ्याशी वाद घालायला भिंतीपलीकडं कोणी नाही.

तेरवीच्या दिवशी मेश्राम ड्रेसर जेवायला आला होता. हात धुताना म्हणाला, ‘भाऊ, एक गोष्ट मनात हाये. मी बाईले तवाच म्हनलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं मले फोनवर सांगलं होतं, आधी चिप मंग लस. म्हनून मी बाईले बाजूले घेतलं.’

मी विचारलं, ‘मंग?’

‘मंग काय. बाई म्हनल्या, माह्या भावानं वाचून दाखवलं हाये, तो म्हनते तसंच करा. त्याले चार लोकायत उलटं पाडू नोका.’

पत्रावळ माझ्या हातातच राहिली. मेश्राम गेला, पाहुणे गेले, मी तसाच ओट्यावर.

म्हणजे तुला माहीत होतं. सुई टोचायच्या आधी माहीत होतं, आणि मी टिल्याचे पाय धरून उभा होतो. तेरवीपासून मी तुझ्यावर संशय घेतोय, बाई, आणि हा संशय मला पुरून उरला आहे. मेश्रामपेक्षा माझ्या वाचण्यावर तुझा जास्त विश्वास होता का? तसं असेल तर मला तोंड दाखवायला जागा नाही. की मी काय केलं ते तुला तिथंच कळलं, आणि गावासमोर माझी इभ्रत राखलीस? की तुलाही जायचं नव्हतं? समुद्राची भीती, तिकडची थंडी, सुनेच्या घरात कुत्र्यासकट राहायचं. तू ते कधी बोलली नाहीस, पण मी बोललो नाही म्हणून तू बोलली नाहीस असंही असेल. मला ते शेवटचं खरं असावं असं फार वाटतं. म्हणूनच त्याच्यावर सगळ्यात जास्त संशय येतो. आणि वर तू मला जास्त साखरेचा चहा दिलास. का दिलास? एवढं तरी सांगून जायचं होतं.

निलेश थांबला. इथूनच कॉम्प्युटरवर काम करत होता. रेघा पुऱ्या व्हायला चार दिवस होते तेव्हा तो ओसरीवर आला. टिल्या माझ्या पायाशी होता. हल्ली तो माझ्याच पायाशी असतो. भाकर मी देतो म्हणून असेल.

‘मामा,’ निलेश म्हणाला, ‘त्याचे कागद त सारे झाले. मी नेतो म्हनलं त नेऊ शकतो. पोरगी रोज विचारते, आजीचा टिल्या कवा येते. पन तुम्ही एकटे हा. तुम्ही ठेवता म्हनान त राहू द्या इथंच. तुम्ही म्हनान तसं.’

मला ठेवायचा होता. हे मी तुला स्पष्ट सांगतो, कारण तुझा विश्वास बसणार नाही. ज्या कुत्र्याला मी चार वर्षं हाड् म्हणत आलो, तो गेला तर घरात माझ्याशिवाय श्वास घेणारं कोणी नाही. एक शब्द पुरला असता. पण तू त्याला माझ्याकडं ठेवायला तयार नव्हतीस, आणि का नव्हतीस ते मला माहीत होतं. तुझं तेवढं एक ठरवलेलं मी मोडलं नाही. म्हटलं, ‘घेऊन जा. बाईनं तसंच म्हनलं होतं.’

‘मंग एकदा सारं वाचून घेऊ, मामा. काई राहून नोको जायले.’

फोन माझ्याकडं होता. वाचायचं काम माझंच. मी पहिल्या ओळीपासून सुरुवात केली, आणि त्या ओळीवर आलो. ‘आधी चिप, नंतरच लस.’ वाचली. पुन्हा वाचली.

निलेश म्हणाला, ‘ते झालं ना मामा. पुढचं वाचा.’

मी म्हटलं, ‘थांब. ही ओळ मले दिसली होती रे. मी बाईले वाचून नाई दाखवली.’

 तो उठला, आतल्या खोलीत तुझ्या फोटोसमोर गेला, तिथं बराच वेळ होता. टिल्या उठून त्याच्यामागं गेला. मी फोन धरून बसलो. मला वाटलं, आता हा पोरगा मला मामा म्हणायचा नाही. तो परत आला, तोंड धुतलेलं होतं, आणि खाली बसला. ‘वाचा पुढं,’ म्हणाला. मामा म्हणाला नाही. मी शेवटपर्यंत सगळं वाचलं.

आता बोऱ्याचं. जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं त्याच्या पुढच्या साली तुझा आधीचा कुत्रा, चंप्या, मागावर चढला आणि महिनाभर खपून लावलेला ताणा, सगळे उभे धागे, चावून ठेवला. आपला शेवटचा माग. तू म्हणालीस लहान आहे, सुधारेल. दोन दिवसांनी मी म्हणालो, चंप्या पळून गेला. तू सरळ दुकानात जाऊन बोरे मोजून आलीस. आपल्याकडं नको झालेलं मांजर, कुत्रं बोऱ्यात भरून दुसऱ्या गावच्या बाजाराला नेऊन सोडतात, सगळेच करतात. मी चंप्याला कापडाच्या गठ्ठ्यांत टाकून टेम्पोनं साकोलीकडं नेलं, आणि गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला बोऱ्याचं तोंड सोडलं. तो पळाला नाही, बाई. तो टेम्पोच्या मागं धावत आला, हायवे लागेपर्यंत.

एक गोष्ट कोणालाच माहीत नाही. बाजार झाल्यावर परतताना मी टेम्पो तिथंच थांबवायला लावला. खाली उतरलो, नाव घेऊन हाक मारली. पुष्कळदा मारली. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. तो आला नाही. हे मी तेव्हाच येऊन सांगितलं असतं, तर तू मला चार दिवस शिव्या दिल्या असत्यास आणि पाचव्या दिवशी विसरली असतीस. मग टिल्याला माझ्याकडं सोडून निर्धास्त गेली असतीस. कागद नको, चिप नको, ओळही नको. तुझं जाणं मी त्या बोऱ्यातच बांधून ठेवलं होतं आणि वीस वर्षं दोष दुसऱ्यांना देत बसलो.

आज सकाळी गाडी आली. नागपूर, तिथून मुंबई, तिथं सरकारी डॉक्टर तपासणार आणि मग विमान. टिल्या पिंजऱ्यात जायला तयार नव्हता. निलेशनं बिस्कीट दाखवलं, ओढलं, ढकललं. शेवटी मी तुझं नेसूचं जुनं पातळ आत अंथरलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून डोकं आत घातलं. तो माझ्या काखेखालून आत शिरला, एक फेरी मारली, वळता आलं त्याला, आणि पातळात नाक खुपसून बसला. दुसऱ्यांदा मी तुझा कुत्रा बंद केला. कडी मी दोनदा ओढून पाहिली.

पिंजऱ्यावर निलेशनं इंग्रजीत छापलेला पत्ता चिकटवला होता. मी दुकानातून गठ्ठ्यांवर लिहायची शाई आणि काडी आणली, आणि त्याच्याखाली मोठ्या अक्षरांत लिहिलं: ‘हा अड्याळच्या बाईचा कुत्रा आहे. नाव टिल्या. हाक मारली की येतो.’

निलेश पाहत होता. चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं, ‘मामा, तिकडं मराठी कोन वाचते?’

मी म्हटलं, ‘तू वाच. पोरीले वाचून दाखव. अन् एक ओळ बी सोडू नोको.’